कॅशमध्ये काय घ्यायचं ते आधी ठरवा, काय काढायचं ते नंतर

डेटाबेस एका गावाला, वापरणारे दुसऱ्या गावाला, मधे नेटवर्क, आणि त्या नेटवर्कचं बिल दर महिन्याला वाढतंय. मग मीटिंगमधे कोणीतरी म्हणतं मधे एक कॅश, म्हणजे वरचेवर लागणारा डेटा जवळ ठेवायची जागा, टाकू, आपण रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा सर्व्हर) उभा करतो, एलआरयू पॉलिसी, म्हणजे जागा भरली की सगळ्यात जास्त वेळ न वापरलेलं आधी काढायचं, लावतो आणि दोन दिवस खूश असतो. तिसऱ्या दिवशी कोणीतरी महिनाअखेरचा मोठा रिपोर्ट मारतं आणि कॅशमधलं सगळं कामाचं सामान बाहेर, त्याजागी परत कधी न लागणारा ढीग. आमच्याकडे हे रात्री झालं आणि सकाळी दहा वाजता सगळ्यांच्या स्क्रीनवर चक्र फिरत बसलेलं. मी तासभर नेटवर्कवाल्यांशी भांडलो, चूक माझीच होती.

तर लांबच्या डेटाबेसपुढे कॅश ठेवायचा असेल तर त्याचं डोकं, म्हणजे ऑनलाइन अल्गोरिदम, कसं बांधायचं ते सांगतो. इथे ऑनलाइन म्हणजे इंटरनेटवरचा असं नाही हं. पुढची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, कुठली येणार हे माहीत नसताना आत्ताच्या आत्ता निर्णय घ्यावा लागतो तो ऑनलाइन, आणि ज्याच्या हातात सगळ्या क्वेऱ्यांची यादी आधीच आहे तो ऑफलाइन. ऑफलाइनवाल्याचं सोपं आहे, आयबीएमच्या बेलाडीने १९६६ मधे सांगूनच ठेवलंय, जे पान (डेटाचा ठरावीक मापाचा तुकडा) सगळ्यात उशिरा परत लागणार ते काढा. आपल्याला ते कळायची सोय नाही, म्हणून आपण अंदाजावर चालतो आणि त्या सर्वज्ञ माणसाच्या किती पट खर्च झाला ते मोजतो. या पटीला कॉम्पिटिटिव्ह रेशो म्हणतात.

एलआरयूबद्दल एवढंच लक्षात ठेवा. स्लीटर आणि टार्जन या दोघांनी १९८५ मधे दाखवलं की कॅशमधे के पानांची जागा असेल तर एलआरयू वाईटात वाईट वेळी के पट खर्च करतो, आणि नाणेफेक न करणारा कुठलाच अल्गोरिदम याहून चांगली हमी देऊ शकत नाही. तीन पानांची जागा आणि १, २, ३, ४, १, २, ३, ४ अशी रांग घ्या. एलआरयू दर वेळी चुकतो, बेलाडी सुरुवातीनंतर तीनात एकदाच चुकतो. आता जागा एक लाख पानांची असेल तर हमी एक लाख पटीची, म्हणजे हमी नसल्यातच जमा. त्याच पेपरमधे दिलासा पण आहे, सर्वज्ञ माणसाला आपल्या निम्मीच जागा दिली तर एलआरयू त्याच्या दुपटीच्या आतच राहतो. म्हणून रॅम वाढवली की बरेचदा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

पण रिपोर्टवाली भानगड रॅमने सुटत नाही. आणि गंमत म्हणजे डेटाबेसच्या आत ती कधीच सोडवलेली आहे. पोस्टग्रेस मोठं टेबल सलग वाचताना सगळा बफर, म्हणजे त्याचा आतला कॅश, न वापरता छोट्या रिंगमधे फिरवत वाचतो, मायएसक्यूएलचं इनोडीबी नवीन पान यादीच्या एकदम डोक्यावर न ठेवता शेपटीकडच्या साधारण ३/८ भागाच्या तोंडाशी ठेवतं, पुढे परत मागितलं गेलं तरच वर सरकवतं. आपण मात्र समोर आपला कॅश ठेवला की हे शहाणपण विसरतो.

मोजायचं काय

हिट रेट बघू नका. शंभर क्वेऱ्यांपैकी नव्वद कॅशमधून गेल्या, प्रत्येकी १० केबी, आणि दहा लांबून आल्या, प्रत्येकी ५० एमबी. हिट रेट ९० टक्के, साहेब खूश, आणि प्रत्यक्षात ५०० एमबी नेटवर्कवरून वाहिले, वाचले जेमतेम ९०० केबी. कॅश शब्दाचा रोख पैसा असाही अर्थ होतो, तो इथे डोक्यात ठेवलेला बरा. किती वेळा सापडलं ते राहू दे, वायरवरून किती बाइट गेले आणि त्या बाइटला किती पैसे पडले ते बघा.

त्यासाठी प्रॉक्सीमधे किंवा ॲपच्या डेटाबेस लेयरमधे एक लॉग चालू करा. प्रत्येक क्वेरीमागे वेळ, कुठल्या कुठल्या टेबल-कॉलमला हात लागला, आणि निकाल किती बाइटचा होता. पोस्टग्रेसमधलं पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स ओळी आणि कॉल मोजतं, निकालाचे बाइट मोजत नाही, म्हणून ते आपल्यालाच लिहावं लागतं. दोन आठवड्यांचा लॉग तरी जमू द्या. कंटाळवाणं आहे, पण याशिवाय पुढचं सगळं हवेत.

वस्तू केवढी घ्यायची

कॅशमधे ठेवायची वस्तू म्हणजे नक्की काय? क्वेरीचा निकाल, एखादी ओळ, पान, कॉलम की आख्खं टेबल? वेबसाइटला निकाल साठवणं जमतं कारण तेच पान हजार लोक मागतात. डेटाबेसला लोक हाताने एसक्यूएल, म्हणजे क्वेरीच्या भाषेत, लिहून मारत असतील तर तसं होत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे. न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंटला २.५ मीटरची दुर्बीण, २००० पासून आकाशाची मोजदाद, आणि तो सगळा डेटा स्कायसर्व्हर नावाने लोकांना खुला. जिम ग्रे आणि ॲलेक्स सालाय यांनी तो एसक्यूएल सर्व्हरवर बसवला आणि जगातला कोणीही सरळ क्वेरी लिहून मारू शकतो. आपल्या पुण्यातही आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरीचं काम झालेलं आहे, म्हणजे असा डेटा ओढणारी माणसं आपल्याकडेही आहेत. या डेटाबेसच्या वर्कलोडवर, म्हणजे त्यावर येणाऱ्या क्वेऱ्यांवर, तनू मलिक, रँडल बर्न्स आणि अमिताभ चौधरी यांनी २००५ मधे बायपास कॅशिंग म्हणून पेपर लिहिला, मी पुढे सांगतोय त्यातला मोठा भाग त्याच विचारावर उभा आहे. त्यांना दिसलं ते असं की एक खगोलवाला आकाशाचा हा कोपरा बघतो, दुसरा तो कोपरा, ओळी फारशा जुळत नाहीत, पण कॉलम मात्र पुन्हा पुन्हा तेच. साहजिक आहे, फोटोऑब्जेक्टच्या, म्हणजे फोटोत सापडलेल्या तारे-आकाशगंगांच्या, टेबलला शेकड्यांनी कॉलम, आणि बहुतेकांना हवं काय तर ताऱ्याची जागा आणि पाच रंगांमधली त्याची तेजस्विता.

तुमच्या लॉगमधे पण हेच तपासा. क्वेरीचा मजकूर शब्दशः किती वेळा परत येतो ते मोजा, आणि तेच कॉलम किती वेळा परत येतात ते मोजा. पहिला आकडा मोठा असेल तर निकाल साठवा, रेडिस पुरे आहे, बाकी वाचायची पण गरज नाही. दुसरा मोठा असेल तर कॉलम, किंवा कॉलमचा महिन्यावार तुकडा, ही वस्तू धरा आणि कॅश म्हणून छोटा डेटाबेसच उभा करा, कारण त्यावर क्वेरी चालवावी लागणार. आख्खं टेबल ही वस्तू शक्यतो नको, एका कॉलमसाठी बाकीच्यांचं ओझं कशाला.

एक अडचण इथेच सांगतो. क्वेरीला लागणारे सगळे कॉलम कॅशमधे असतील तरच ती इथे चालते. पाचातला एक नसेल तर बाकी चार असून उपयोग नाही, क्वेरी लांबच्या सर्व्हरकडेच जाते. म्हणून निकालाचे बाइट त्या पाचही कॉलमच्या खात्यात त्यांच्या आकाराच्या प्रमाणात वाटून टाका, म्हणजे एकत्र लागणारे कॉलम साधारण एकाच सुमाराला आत येतात.

तिकीट की पास

आता मुख्य मुद्दा. साधा कॅश चुकला की वस्तू आत आणतोच, त्याला नाही म्हणता येत नाही. आपल्याकडे तिसरा रस्ता आहे: क्वेरी लांबच्या सर्व्हरवर पाठवायची, तिथे चालवायची, फक्त निकाल आणायचा, आणि कॅशला हातच लावायचा नाही. हा बायपास. ३०० एमबीचा कॉलम आणि क्वेरीचा निकाल २० एमबी असेल तर २० एमबीत काम होतं, ३०० कशाला ओढायचे?

पण रोज तीच मागणी आली तर? हे म्हणजे नव्या नोकरीला लागल्यावर लोकलचं रोज तिकीट काढायचं की पास काढायचा, तसं. नोकरी टिकणार की नाही माहीत नाही. हिशोबापुरतं धरा, तिकीट २० रुपये, पास ३००, आणि पास एकदा काढला की नोकरी असेपर्यंत चालतो. पहिल्याच दिवशी पास काढला आणि दुसऱ्या दिवशी नोकरी गेली तर २० च्या जागी ३०० गेले. पास कधीच काढला नाही आणि नोकरी वर्षभर टिकली तर त्याहून वाईट. शहाण्या माणसाने काय करायचं तर तिकिटं काढत राहायची, आणि तिकिटांवर घातलेले पैसे पासाच्या किमतीएवढे झाले की त्या दिवशी पास काढायचा. पंधरा दिवसांच्या आत नोकरी गेली तर आपला खर्च सर्वज्ञ माणसाएवढाच, त्याच्यापुढे गेली तर त्याचे ३०० आणि आपले ६००. काहीही झालं तरी दुपटीच्या वर नाही. इंग्रजी पुस्तकांत हे स्की भाड्याने घ्यायच्या उदाहरणाने सांगतात, आपल्याला पास जास्त कळतो.

कॅशमधे हे असं बसवा. प्रत्येक वस्तूला एक काउंटर, सुरुवातीला शून्य. बायपास झालेल्या क्वेरीच्या निकालाचा तिच्या वाटणीचा खर्च काउंटरमधे मिळवा. काउंटर वस्तूच्या लोड करण्याच्या खर्चाएवढा झाला की वस्तू आत घ्यायला पात्र, मग काउंटर शून्य करा. एवढंच! दहा-बारा ओळींचा कोड आहे. आणि महिनाअखेरचा रिपोर्ट आपोआप बाहेर राहतो, कारण तो कॉलमना महिन्यातून एकदा हात लावतो, बेरीज करून छोटा निकाल देतो, आणि काउंटर थोडासा हलतो.

थोडासाच, पण हलतो, ही खोच आहे. कधीतरी तो काउंटर भरेल आणि वस्तू उगीच आत येईल. त्यामुळे रोज रात्री सगळे काउंटर निम्मे करा. आठवड्याने केले तरी चालेल, तुमच्या लॉगवर दोन्ही करून बघा. निम्मे केल्यावर दुपटीची ती नेमकी हमी कागदावर राहत नाही, पण माझ्या मते हा सौदा घ्यावा, पुस्तकातल्या पासाला जागा लागत नाही, आपल्या वस्तूला लागते.

वस्तू लाखांनी असतील आणि प्रत्येकीचा काउंटर ठेवायचा नसेल तर नाणेफेक वापरा. निकाल २० एमबी, वस्तू ३०० एमबी, तर पंधरात एक अशा संधीने वस्तू आत घ्या. सरासरीने तेवढेच बायपास होतात आणि बाहेरच्या वस्तूंची काही नोंदच ठेवावी लागत नाही. नाणेफेक जास्त हुशारीने केली तर तिकीट-पासाच्या खेळात हमी दोनवरून साधारण १.५८ पर्यंत उतरते, पण त्यासाठी डोकं खाजवत बसायची गरज मला कधी वाटली नाही.

जागा भरली तर कोणाला काढायचं

इथे वस्तू सारख्या मापाच्या नाहीत आणि लांबून आणायचा खर्चही सारखा नाही, शेजारच्या सर्व्हरवरून आणणं वेगळं आणि समुद्रापलीकडून आणणं वेगळं. एलआरयूला यातलं काही कळत नाही. नील यंगचा लँडलॉर्ड म्हणजे घरमालक नावाचा अल्गोरिदम आहे १९९८ चा, तो वापरा, नाव ऐकूनच अर्धा समजतो.

कॅश म्हणजे चाळ, वस्तू म्हणजे भाडेकरू. प्रत्येक जण आत येताना आपल्या आणण्याच्या खर्चाएवढं डिपॉझिट ठेवतो. नवीन भाडेकरू आला आणि जागा नसेल तर मालक सगळ्यांकडून जागेच्या मापाने सारख्या दराने भाडं कापतो, जोवर कोणाचं तरी डिपॉझिट शून्य होत नाही. शून्य झाला तो बाहेर. तरी जागा पुरत नसेल तर परत कापतो. आणि ज्याच्याकडे क्वेरी आली त्याचं डिपॉझिट परत पूर्ण भरतं.

आकड्यात बघू. कॅश १००० एमबी. आत अ आहे, २०० एमबीचा, लांबचा, आणायचा खर्च ८०० एकक. शिवाय ब आहे, ६०० एमबीचा, जवळचा, खर्च ६००. मोकळी जागा २००. आता क आत यायला पात्र झाला, ३०० एमबी, खर्च ६००. दर एमबीला अ चं डिपॉझिट ४, ब चं १. म्हणून दर एमबी १ भाडं कापलं: अ चे ८०० मधून २०० गेले, उरले ६००, ब चे सगळे गेले. ब बाहेर, क आत ६०० डिपॉझिट घेऊन. पुढे ड आला ६०० एमबीचा, मोकळे ५००च आहेत. आता अ चं दर एमबी ३, क चं २. दोनने कापलं, अ कडे २०० उरले, क बाहेर. या सगळ्यात अ ला कोणी विचारलं असतं तर तो परत ८०० वर. कोणी विचारलंच नाही तर महागडा अ सुद्धा पुढच्या एखाद्या खेपेला जाणार, कोणालाच कायमची पागडी नाही.

कोड लिहिताना मात्र प्रत्येकाच्या डिपॉझिटमधून खरंच वजाबाकी करत बसू नका, हजार वस्तूंना हजार वजाबाक्या होतील. एक जागतिक आकडा ठेवा, त्याला महागाई म्हणू, सुरुवातीला शून्य. वस्तू आत आली किंवा वापरली गेली की तिची किंमत लिहा: महागाई अधिक खर्च भागिले आकार. सगळ्या किमती एका हीपमधे, म्हणजे सगळ्यात लहान आकडा पटकन देणाऱ्या रचनेत. काढायची वेळ आली की सगळ्यात कमी किंमतवाली काढा आणि महागाई तिच्या किमतीएवढी करा. वरचंच उदाहरण करून बघा: अ ४, ब १, ब गेला, महागाई १, क ची किंमत ३, मग क गेला, महागाई ३. अ कडे उरलं दर एमबी १, म्हणजे २००, तेच उत्तर. चाओ आणि इराणी यांनी १९९७ मधे वेब प्रॉक्सीसाठी हीच युक्ती ग्रीडीड्युअल-साइज नावाने मांडली.

रेडिसवाल्यांसाठी: रेडिसचा एलआरयू खरा एलआरयू नाही, तो मुळात पाच किल्ल्या (कीज, म्हणजे नोंदी) नमुन्याला उचलतो आणि त्यातल्या जुन्यांवर कुऱ्हाड. आकार किंवा आणण्याचा खर्च त्याच्या हिशोबात नाही. आणि मॅक्समेमरी पॉलिसी बदलली नाही तर मूळ सेटिंग नोएव्हिक्शन असतं, म्हणजे मेमरी भरल्यावर काढणं नाहीच, सरळ लिहिताना एरर. हे रात्री दोन वाजता कळू नये.

मूळ डेटा बदलला तर

स्लोनवाल्यांचं बरं आहे, त्यांचा डेटा रिलीजमधे येतो आणि एकदा आलेला रिलीज बदलत नाही. आपल्याकडे बिलं दर मिनिटाला पडतात. इथे परत तिकीट-पास, फक्त उलटा. आतल्या वस्तूला बदल पाठवत राहायचे की ती टाकून द्यायची? शेवटच्या वापरापासून पाठवलेल्या बदलांचा खर्च जोडत जा, तो वस्तू परत आणायच्या खर्चाएवढा झाला की वस्तू काढून टाका. मधे कोणी वापरली तर बेरीज शून्य. हा तिकीट-पासाचा विचार मुळात अनेक प्रोसेसरांच्या कॅशसाठीच, १९८८ मधे, कार्लिन, मनासे, रुडॉल्फ आणि स्लीटर यांनी केला होता.

बदल आणायला मायएसक्यूएलचा बिनलॉग (बदलांची नोंदवही) किंवा पोस्टग्रेसचं लॉजिकल रेप्लिकेशन वापरा. टीटीएल, म्हणजे मुदत, लावून पाच मिनिटांनी जुनं होऊ देणं सोपं, पण बँकेतल्या शिलकेला ते चालत नाही, ती कॅशमधे ठेवूच नका, सरळ बायपास.

अजून एक. वस्तू लोड होत असताना तीच मागणाऱ्या अजून पन्नास क्वेऱ्या आल्या तर पन्नास लोड सुरू होऊ देऊ नका, वस्तूवर एक कुलूप ठेवा आणि लोड पूर्ण होईपर्यंत बाकीच्यांना बायपासने जाऊ द्या.

लावायच्या आधी

जमवलेला लॉग आता चालवून बघा. दोनेकशे ओळींचा पायथन पुरतो, खरा डेटा लागत नाही, फक्त आकार आणि खर्च. चार आकडे काढा: कॅश नसताना किती बाइट गेले असते, साध्या एलआरयूने किती, आपल्या बायपास-घरमालक जोडीने किती, आणि चौथा म्हणजे तळ. सर्वज्ञ माणसाचा नेमका आकडा वेगवेगळ्या मापांच्या वस्तूंना काढणं फार अवघड आहे, एनपी-हार्ड, म्हणजे झटपट काढायची रीत कोणाला माहीत नाही, त्याच्या नादी लागू नका. त्याऐवजी प्रत्येक वस्तूसाठी दोन आकडे घ्या, तिचे सगळे निकाल बायपासने आणायचा खर्च आणि ती एकदा लोड करायचा खर्च, त्यातला लहान धरा आणि सगळ्या वस्तूंची बेरीज करा. डेटा बदलत नाही असं धरलं तर या हिशोबात अमर्याद जागा असलेला माणूसही याच्या खाली जाऊ शकत नाही. आपला आकडा तळाच्या जवळ असेल तर अजून हुशार अल्गोरिदम शोधण्यात वेळ घालवू नका. लांब असेल तर आधी कॅशची जागा दुप्पट धरून परत चालवा, आकडा खूप उतरला तर रॅम विकत घ्या, नाही उतरला तर वस्तूचं माप चुकलंय, कॉलम तोडून तुकडे लहान करा.

कधीकधी एलआरयू जिंकतो, विशेषतः वस्तू सगळ्या छोट्या आणि निकाल वस्तूएवढाच असेल तेव्हा. मग एलआरयूच ठेवा, त्यात कमीपणा नाही.

हे झालं की लगेच खरी ट्रॅफिक त्यावर सोडू नका. पहिले काही दिवस अल्गोरिदमला फक्त निर्णय लिहू द्या, हे घेतलं असतं, ते काढलं असतं, आणि सगळ्या क्वेऱ्या पूर्वीसारख्याच जाऊ द्या. त्या दिवसांत महिन्याची शेवटची आणि पहिली तारीख नक्की येऊ द्या. मी पहिल्यांदा पाच ते बारा तारखेपर्यंत बघितलं होतं, सगळं छान दिसत होतं.